ऑफिस बिल्डिंगमधले कनेक्टेड मीटर आणि सेन्सर: दहा-अकरा महिन्यांनंतरचा हिशेब

पुण्यात बाणेरला आमची सात मजली कमर्शियल बिल्डिंग आहे. खाली बँक आणि दुकानं, वर आयटीवाले, सीएंची ऑफिसं आणि एक को-वर्किंग. देखभाल माझ्याकडे. गेल्या दिवाळीनंतर आम्ही पॅनलमध्ये एनर्जी मीटर, चिलरच्या (एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राच्या) पाइपवर गारवा मोजणारे बीटीयू मीटर, पाण्याच्या टाक्यांना लेव्हल सेन्सर, एएचयूंना (मजल्यावर थंड हवा फेकणाऱ्या युनिटांना) कंट्रोलर, मीटिंग रूममध्ये कार्बन डायऑक्साइडचे सेन्सर आणि डिझेल जनरेटरच्या टाकीत डिझेलचा सेन्सर असं सगळं बसवून एका डॅशबोर्डवर आणलं. (महावितरणच्या स्मार्ट मीटरवरून जो वाद चाललाय त्याच्याशी याचा संबंध नाही. हे मीटर आमचे, बिलाच्या मीटरच्या अलीकडचे.)

विकायला आलेल्यांनी ॲम्स्टरडॅमच्या ‘द एज’चे फोटो दाखवले होते. २०१५ ची, जवळपास २८,००० सेन्सरवाली इमारत. आमच्याकडे शंभरही नाहीत, आणि मालकांच्या कमिटीला फोटोंमध्ये रस नव्हता. पैसे वसूल होतात का, एवढंच त्यांनी विचारलं. होतात, पण ज्या गोष्टीसाठी ते विकलं गेलं त्यातून कमी. ‘बिल्डिंग आपोआप चालेल’ यातून फार काही हाती लागलं नाही. जे मिळालं ते मोजमापातून.

आधी वीज. एप्रिल २०२० पासून महावितरणच्या एचटी (उच्च दाबाच्या) ग्राहकांना केव्हीएएचवर, म्हणजे प्रत्यक्ष कामाला लागलेल्या विजेऐवजी ओढलेल्या एकूण विजेवर, बिल येतं. पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेपैकी कामाला लागणारा वाटा, घसरला की तेवढ्याच कामाला जास्त युनिट पडतात. पॉवर फॅक्टर सांभाळणाऱ्या एपीएफसी पॅनलमधला एखादा कपॅसिटर गेला तर पूर्वी पुढच्या बिलातच कळायचं. आता त्याच दिवशी मेसेज येतो आणि इलेक्ट्रिशियन संध्याकाळपर्यंत कपॅसिटर बदलतो. दुसरं, डिमांड. काँट्रॅक्ट डिमांडच्या, म्हणजे महावितरणकडे मंजूर करून घेतलेल्या कमाल मागणीच्या, वर गेलं की वरच्या प्रत्येक केव्हीएला (मागणीचं एकक) दीडपट दर. आमची डिमांड सोमवारी सकाळीच का उडी मारते ते ग्राफ बघितल्यावर पाच मिनिटांत समजलं. रविवारभर तापलेली बिल्डिंग नऊ वाजता एकदम थंड करायला निघायची. डिमांड मोजली जाते ठरावीक मिनिटांच्या सरासरीवर, मोटर सुरू होतानाच्या क्षणिक झटक्यावर नाही. त्यामुळे मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर बसवून उपयोग नव्हता. सोमवारचं वेळापत्रक बदलून पावणेआठपासून एकेक मजला सुरू केला. खर्च शून्य.

रविवारचा ग्राफ मात्र मुद्दाम बघा, प्रत्येकाने. बिल्डिंग बंद, तरी आमचा लोड खाली येईना. बीएमएसच्या (बिल्डिंगची यंत्रं चालवणाऱ्या सिस्टिमच्या) स्क्रीनवर सगळे एएचयू ‘ऑफ’, मीटरवर चौथ्या मजल्याच्या फीडरला (वीज नेणाऱ्या लाइनला) करंट. वर जाऊन बघितलं तर पॅनलवरचा ऑटो-ऑफ-मॅन्युअलचा स्विच मॅन्युअलला फिरवलेला, आणि परत कोणी फिरवू नये म्हणून वर इन्सुलेशन टेप. कधीतरी रंगकाम चाललं होतं तेव्हाची! स्क्रीन दाखवत होती ती सिस्टिमने दिलेली आज्ञा, मशीनची खरी अवस्था नव्हे. म्हणून घेताना विचारा की डॅशबोर्डवर दिसतं ते कमांड आहे की रन फीडबॅक. बहुतेक सेल्सवाले इथे चाचरतात.

आता पाणी. बाणेरमध्ये उन्हाळा म्हणजे टँकर हे पुणेकरांना सांगायला नको. आमची जमिनीखालची टाकी आतून ५ मीटर बाय ४ मीटर. म्हणजे १० हजार लिटरची गाडी रिकामी झाली की पातळी बरोबर ५० सेंटीमीटर चढायला हवी. टाकीच्या झाकणाखाली अल्ट्रासोनिक सेन्सर लावला, टँकर ओतताना वर चढवायचा पंप बंद ठेवायची सूचना वॉचमनला दिली, आणि आकडे यायला लागले. ४३, ४४, ४२. पन्नास एकदाही नाही. ड्रायव्हरला विचारलं तर, “साहेब, गाडी फुल्ल होती, वाटेत हलून सांडतं थोडं.” सात सेंटीमीटर म्हणजे १,४०० लिटर, एवढं वाटेत सांडलं असतं तर अख्खा रस्ता धुऊन निघाला असता. पुरवठादाराला बोलावून आम्ही फक्त महिन्याचा ग्राफ समोर ठेवला, आवाज चढवला नाही. तेव्हापासून बिल पातळीच्या हिशेबाने होतं. नवल म्हणजे गाड्याही आता भरून येतात. अख्ख्या सिस्टिममधला हा सगळ्यात स्वस्त सेन्सर, आणि सगळ्यात आधी पैसे यानेच फेडले.

भाडेकरूंच्या भांडणांत बीटीयू मीटर कामी आले. आधी चिलरचा खर्च स्क्वेअर फुटावर वाटायचो. बँकवाले म्हणायचे, आम्ही सहाला कुलूप लावतो, वरच्यांच्या नाइट शिफ्टचे पैसे आम्ही का भरायचे? त्यांचं बरोबर होतं, पण आकडा नव्हता. बीटीयू मीटर त्या मजल्यावर किती थंड पाणी गेलं आणि जाताना-येताना तापमानात किती फरक पडला यावरून गारवा मोजतो. आता मेंटेनन्सच्या बिलासोबत प्रत्येकाला त्याचा ग्राफ जातो. आयटीवाल्यांचं बिल वाढलं, ते चिडले, मग त्यांनीच सेटिंग २१ वरून २४ केलं. एसीचं तापमान एक अंश वर नेलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. पण लिफ्टमध्ये तसं पोस्टर वर्षभर लावून कोणी रिमोटला हात लावला नव्हता. वसुलीही आता वेळेवर होते, कारण बिलावर वाद घालायला जागा उरली नाही.

फायरच्या लाइनमधला दाब टिकवणाऱ्या जॉकी पंपाला मीटर लावला होता तो वीज मोजायला. तो रात्रीत बऱ्याच वेळा सुरू होतोय हे दिसलं आणि हायड्रंटच्या जमिनीखालच्या लाइनमधली गळती सापडली. जानेवारी-जुलैच्या फॉर्म बी (अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा दाखला) तपासणीआधी सापडली हे बरं झालं.

कार्बन डायऑक्साइडचे सेन्सर ठीक. बाहेरच्या हवेत ४२० पीपीएमच्या (दशलक्ष भागांत ४२०) आसपास असतं, बंद मीटिंग रूममध्ये आठ माणसं तासभर बसली की हजार सहज ओलांडतं, मग ताज्या हवेचा डॅम्पर (झडप) उघडतो. पैशात मोजता येईल असा फायदा मला दिसला नाही. को-वर्किंगवाले मात्र जागा दाखवताना ते यंत्र आवर्जून दाखवतात. टॉयलेटमधले मोशन सेन्सर काढून टाका असं सगळ्या मजल्यांवरून आलं. कारण सांगायला नको, आत बसलेला माणूस हलत नाही.

त्रासही आहे. बेसमेंटमधले बॅटरीवाले सेन्सर वरच्या गेटवेला (सेन्सरचे सिग्नल गोळा करणाऱ्या यंत्राला) पोचतच नव्हते. आपल्याकडे या सेन्सरचं वायरलेस तंत्र लोरा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतं, त्याची रेंज माहितीपत्रकात किलोमीटरमध्ये असते, पण मध्ये दोन काँक्रीटचे स्लॅब आले की गणित बदलतं. खाली वेगळा गेटवे लावावा लागला. अलर्ट सुरुवातीला इतके यायचे की सुपरवायझरने ग्रुप म्यूट केला. आता मोजकेच ठेवलेत, आणि प्रत्येक अलर्टपुढे तो कोणी बघायचा त्याचं नाव आहे. नाव नसलेला अलर्ट बंद. सबस्क्रिप्शन दर उपकरणामागे दर वर्षी लागतं. खर्चाची तुलना करताना लोक नेमकं हेच विसरतात.

सुरक्षेबाबत आमच्या आयटी भाडेकरूंनी हट्ट धरला ते बरं केलं. २०१३ साली अमेरिकेत टार्गेट या दुकानसाखळीत चोर शिरले ते एसीच्या कंत्राटदाराला दिलेल्या लॉगिनमधून. २०१६ चं मिराई हे मालवेअर तर कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेल्या कॅमेरे-राउटरांवर पसरलं. आमच्याकडे सेन्सरचं नेटवर्क पूर्ण वेगळं आहे, आणि सिस्टिम देणाऱ्या कंपनीचा बाहेरून येण्याचा रस्ता एरवी बंद, काम असेल तेव्हा आम्ही उघडून देतो. चेहरे ओळखून माणसं मोजणारे कॅमेरे कमिटीने नाकारले. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आल्यावर ती जोखीम कोण घेणार? दारावरचा साधा काउंटर पुरतो.

नव्याने घेणाऱ्यांनी मेन फीडरचे मीटर आणि टाकीचा सेन्सर आधी लावावेत, दोन-तीन महिने नुसते आकडे बघावेत आणि मगच कंट्रोलरवर खर्च करावा. करारात दोन गोष्टी घालून घ्या: सगळा डेटा दर महिन्याला फाइलमध्ये आपल्याकडे येईल, आणि मीटरच्या मोडबस रजिस्टरची यादी (मीटरमधला कोणता आकडा कुठून वाचायचा त्याची) लेखी मिळेल, म्हणजे कंपनी बदलली तरी मीटर तेच राहतील. आमचं रिन्यूअल दिवाळीत आहे. कंपनीने दर वाढवून मागितलाय, आणि यादी आमच्या फाइलला असल्यामुळे आम्ही दुसरीकडूनही कोटेशन मागवलंय.