अडकणारा थ्रॉटल: साफसफाई की नवी केबल?

जुन्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर पाय उचलल्यावरही दबलेला राहतो? आधी पायाखालचं मॅट सरकलंय का बघा. बऱ्याचदा कारण तेच निघतं आणि हसू येतं. मग इंजिन बंद करून पेडलपासून थ्रॉटलपर्यंत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) जाणारी केबल थ्रॉटलच्या टोकाला सोडवा आणि बटरफ्लाय, म्हणजे त्याच्या आतली गोल झडप, बोटाने फिरवा. मिटताना चिकटली, तर कडेला काजळीचा थर असणार. थ्रॉटल बॉडी क्लीनर, जुना टूथब्रश, फडकं, बस्स. बटरफ्लाय खटकन मिटली, तर संशय केबलवर. तिच्यात तेल सोडणं स्वस्त, पण तार उसवली असेल तर ते चार दिवसांचं सुख. तिथे मी सरळ नवी केबल घालतो. बसवताना किंचित ढील ठेवायची, नाहीतर आयडल, म्हणजे पाय उचललेला असतानाचा इंजिनचा वेग, चढलेलं राहतं.