सोफ्यावरचं नेलपॉलिश: रिमूव्हर की स्पिरिट?

लेकीची लाल बाटली सोफ्यावर कलंडली, की हात आधी रिमूव्हरकडेच जातो. त्यातलं अ‍ॅसिटोन वाळलेला डागही पटकन विरघळवतं, सुती कापडावर तर झकास. पण अ‍ॅसिटेटचं, म्हणजे रेशमासारखं चमकणारं कृत्रिम, कापड त्यात चक्क विरघळतं, रेक्झिनची चकाकी जाते, रंगही उतरू शकतो.

केमिस्टकडचं स्पिरिट मात्र संथ. कापसाचे दहा-बारा बोळे लाल होईपर्यंत कडेकडून मधे टिपत बसायचं. घासलं की डाग पसरलाच! तरी कापड कुठलं ते ठाऊक नसेल तर मी स्पिरिटच घेईन, तेही आधी सोफ्याच्या मागच्या कोपऱ्यात थेंबभर लावून. दोन्ही ज्वालाग्राही, तेव्हा खिडकी उघडी आणि देवघरातला दिवा शांत झालेला बरा.