आठ महिने ओपॅकवर नियतकालिकं शोधल्यानंतर

विद्यापीठ ग्रंथालयाचा ओपॅक, म्हणजे संग्रहाची ऑनलाइन तालिका, आठ महिने जवळजवळ रोज आणि फक्त नियतकालिकांसाठी वापरून झाला. साधन भरवशाचं आहे, पण त्याला काय कळतं आणि काय कळत नाही हे आधी नीट समजून घ्यावं लागतं. ओपॅकला नियतकालिकाचं नाव कळतं, त्यातला लेख कळत नाही. लेखाचं शीर्षक टाकल्यावर काहीच सापडलं नाही, म्हणजे तो अंक ग्रंथालयात नाही असं मुळीच नाही. संदर्भातून नियतकालिकाचं नाव, वर्ष, खंड, अंक आणि पानं वेगळी काढा आणि शोधपेटीत फक्त नाव टाका. बाकीचं नोंद उघडल्यावर लागतं. एकत्रित शोधपेटी लेखही दाखवते, पण ते निकाल बाहेरच्या अनुक्रमणिकेतून येतात. ग्रंथालयाकडे नसलेलं त्यात भरपूर दिसतं आणि कपाटातले जुने छापील खंड बऱ्याचदा दिसतच नाहीत.

एकशब्दी नावांचा त्रास सर्वांत जास्त. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाचं नाव साध्या शोधात टाकलं की पुस्तकांचा ढीग येतो. ‘शीर्षक तंतोतंत’ निवडून साहित्यप्रकारात ‘नियतकालिक’ लावलं की यादी आटोक्यात येते. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे आयएसएसएन, प्रत्येक नियतकालिकाला मिळणारा चार-चार अंकांच्या दोन गटांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. त्यातला शेवटचा तपासणी अंक असतो आणि तो कधी कधी रोमन एक्सही असतो, तो गाळू नका. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचे क्रमांक वेगळे असतात. नेचरचा छापील ००२८-०८३६, ऑनलाइन १४७६-४६८७. दोन्हींच्या नोंदी स्वतंत्र असतील तर एका क्रमांकावर दुसरी नोंद येत नाही, म्हणून दोन्ही टाकून बघावेत. फार पूर्वी बंद पडलेल्या नियतकालिकांना हा क्रमांक अनेकदा नसतोच. तिथे नाव आणि प्रकाशक संस्था एकत्र टाका, कारण नुसत्या ‘बुलेटिन’ किंवा ‘प्रोसीडिंग्ज’वर काही हाती लागत नाही.

संदर्भातली लघुरूपं तशीच टाकू नयेत. ‘प्रोक.’ म्हणजे प्रोसीडिंग्ज, ‘ट्रान्स.’ म्हणजे ट्रान्झॅक्शन्स आणि जर्मन नियतकालिकाच्या आधी एकटा ‘झेड’ असेल तर बहुधा त्साइटश्रिफ्ट, म्हणजे नियतकालिक. पूर्ण रूप आठवत नसेल तर शब्दाच्या पहिल्या चार-पाच अक्षरांपुढे तारांकन द्या. देवनागरी नावं रोमन लिप्यंतरातही शोधावीत. प्रचलित ग्रंथालयीन पद्धतीत ‘च’साठी फक्त सी हे अक्षर येतं आणि सी-एच हे ‘छ’साठी असतं. ‘चर्चा’ने सुरू होणारं नाव सी-एच लिहून शोधलं तर त्यामुळेच सापडत नाही.

सर्वांत जास्त वेळ जातो तो नावबदलात. तालिकेत प्रत्येक नावाची वेगळी नोंद असते आणि शोध आपण आजच्या नावाने घेतो. १८४० साली ‘प्रोव्हिन्शियल मेडिकल अँड सर्जिकल जर्नल’ म्हणून निघालेलं नियतकालिक पुढे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ झालं आणि १९८८ पासून ‘बीएमजे’. १९६० चा अंक हवा असेल आणि ‘बीएमजे’च्या नोंदीत मालिका १९८८ पासूनच दिसत असेल, तर अंक नाही असं समजू नका, आधीच्या नावाची नोंद उघडा. नोंदीच्या तळाशी पूर्वीच्या आणि नंतरच्या नावाचे दुवे असतात. तिथे नसतील तर मार्क दृश्य, म्हणजे क्रमांकित क्षेत्रांत मांडलेली मूळ नोंद, उघडून ७८० आणि ७८५ ही क्षेत्रं पाहा. ७८० मध्ये आधीचं नाव असतं, ७८५ मध्ये पुढचं.

नाव तेच राहूनही घोळ होतो. ‘फिजिकल रिव्ह्यू’ १८९३ साली सुरू झालं, १९१३ पासून दुसरी मालिका काढताना खंड पुन्हा १ पासून मोजले गेले आणि १९७० मध्ये त्याचे ए, बी, सी, डी असे भाग पडले. खंड २० एवढंच हाती असेल तर तो १९०५ चाही असू शकतो आणि १९२२ चाही. १९७१ ते १९७३ या काळात ‘नेचर’सोबत ‘नेचर फिजिकल सायन्स’ आणि ‘नेचर न्यू बायॉलॉजी’ निघत होते आणि तिघांचे खंड क्रमांक एकच होते. पान जुळत नसेल तर शेजारचा बांधीव खंड काढून पाहा.

नोंद सापडली की ‘उपलब्ध खंड’ ही ओळ सावकाश वाचा. ‘खं. १२ (१९९८)-’ असं लिहून आडवी रेघ मोकळी सोडली असेल तर मालिका चालू आहे. रेघेनंतर आकडा असेल तर तिथे खंडित. स्वल्पविराम म्हणजे मधले खंड नाहीत. ‘अपूर्ण’ शेरा असेल तर कपाटापर्यंत जाण्याआधी काउंटरवर विचारा. या ओळीबद्दल माझी खरी तक्रार आहे. वर्गणी थांबली तरी मोकळी रेघ बंद करायची राहून जाते आणि नोंद चालू मालिका दाखवत राहते. सुटे अंक बांधणीला गेले की कित्येक आठवडे ते ना रॅकवर असतात ना कपाटात, तालिकेत मात्र ‘उपलब्ध’.

ऑनलाइन दुव्याखाली वर्षांची मर्यादा लिहिलेली असते, ती दुव्याइतकीच महत्त्वाची. ‘अलीकडचं १ वर्ष वगळून’ याचा अर्थ प्रकाशकाने नव्या अंकांवर बंदी घातली आहे. जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहात बऱ्याच नियतकालिकांसाठी ही सरकती मर्यादा ३ ते ५ वर्षांची असते. एकाच नियतकालिकाला दोन-तीन पुरवठादार असतील तर प्रत्येकाची मर्यादा वेगळी, म्हणून पहिल्याच दुव्यावर लेख नाही म्हणून थांबू नका. दुवा थेट लेखाऐवजी प्रकाशकाच्या मुखपृष्ठावर नेत असेल, तर खंड आणि अंक उघडत हाताने पोहोचावं लागतं. ग्रंथालयाबाहेरून दुवा उघडताना आधी तालिकेतूनच लॉगिन करा. प्रकाशकाच्या पानावर परस्पर गेलात तर तुमचं सदस्यत्व त्यांना कळत नाही आणि पैसे मागणारी चौकट समोर येते.

एवढं करूनही खंड नसेल तर आंतरग्रंथालयीन मागणी करा, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयातून लेख मागवा. त्या अर्जात लेखाच्या शीर्षकाइतकेच आयएसएसएन, वर्ष, खंड, अंक आणि पहिलं-शेवटचं पान हे तपशील भरावेत. नियतकालिकाचं नाव लेख छापला तेव्हाचं लिहा, आजचं नको.