सेटिंगमध्ये अँड्रॉइड १४ दिसत होतं, म्हणून मी पैसे दिले

गेल्या महिन्यात पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळ, मी वडिलांसाठी, म्हणजे आमच्या दादांसाठी, एक वापरलेला फोन घेतला. तो बनावट निघाला. साडेअकरा हजार रोख गेले. अजून कोणाचे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

दादांचा जुना फोन अँड्रॉइड ७ वरच राहिला होता, कंपनीचे अपडेट केव्हाच बंद झाले होते. एक दिवस बँकेच्या ॲपनं ‘या व्हर्जनवर चालणार नाही’ असं सांगितलं. मग पेन्शन जमा झाली का हे बघायला ७१ वर्षांचे दादा धनकवडीहून पीएमपीनं बँकेत जायला लागले. मला ते बघवेना. ऑनलाइन जाहिरातीत एका नामांकित कंपनीचा फोन दिसला : दोन महिने वापरलेला, ८ जीबी रॅम, २५६ जीबी स्टोरेज, अँड्रॉइड १४.

विकणारा पंचविशीतला, अदबीनं बोलणारा. ‘ताई, धाकट्या भावाची फी भरायची आहे, नाहीतर एवढ्यात विकला नसता.’ खोकं, चार्जर, बिलाची झेरॉक्स, सगळं होतं. मी घाई केली नाही. सेटिंग उघडून ‘फोनबद्दल’चं पान वाचलं. १४, ८, २५६, सगळं जाहिरातीप्रमाणे. फोन लावून बघितला, कॅमेरा बघितला. खात्याला काहीतरी अडचण आहे म्हणून त्यानं यूपीआय नको म्हटलं आणि मी जवळच्या एटीएममधून पैसे काढून दिले. तिथेच थांबायला हवं होतं.

घरी आल्यावर प्ले स्टोअर बँकेचं ॲप घेऊ देईना. ‘तुमचं डिव्हाइस सुसंगत नाही.’ अपडेट शोधला तर ‘सिस्टीम अद्ययावत आहे’. दादा म्हणाले, माझंच काहीतरी चुकत असेल. दोन दिवस ते स्वतःलाच दोष देत बसले होते, याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे. तिसऱ्या दिवशी जुन्या फोनमधले फोटो घेताना ‘जागा अपुरी’ असा संदेश आला, आणि सेटिंगमध्ये तेव्हाही दोनशे जीबी मोकळे दिसत होते.

भाच्यानं फोन हातात घेतला आणि आधी सिक्युरिटी अपडेटची तारीख बघितली. ऑगस्ट २०१८. अँड्रॉइड १४ आलं ऑक्टोबर २०२३ मध्ये, मग त्यावर पाच वर्षं आधीचा सिक्युरिटी पॅच कसा असेल? मग त्यानं सीपीयू-झेड हे फोनच्या आतली माहिती दाखवणारं ॲप टाकलं. त्यात रॅम २ जीबी आणि एपीआय लेव्हल, म्हणजे अँड्रॉइडच्या व्हर्जनचा आतला क्रमांक, २७ दिसली. २७ म्हणजे अँड्रॉइड ८.१, १४ ची लेव्हल ३४ असते. सेटिंगमध्ये दिसणारं व्हर्जन सिस्टीमच्या एका फाइलमधून वाचलं जातं. तिथला मजकूर बदलला की पानावर हवं ते दिसतं, आतला फोन मात्र तोच राहतो. मी वाचलं होतं ते फक्त त्यांनी लिहून ठेवलेलं.

आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, तर मी बघितलाच नव्हता. *#०६# डायल केलं की पंधरा आकडी नंबर येतो. आमच्या फोनवरचा नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळत नव्हता. इंग्रजी कॅपिटलमध्ये केवायएम, एक जागा सोडून तो नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवला की कंपनी आणि मॉडेल कळतं. उत्तरात भलत्याच कंपनीचा साधा फोन आला. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरही हे तपासता येतं. पैसे देण्याआधी, विकणाऱ्याच्या समोर, दोन मिनिटांचं काम आहे. शिवाय प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट’खाली डिव्हाइस प्रमाणित आहे की नाही ते लिहिलेलं असतं. आमच्यावर ‘प्रमाणित नाही’ असं होतं.

असा फोन घरात असेल तर आधी सिम काढा. यांच्या सिस्टीममध्ये काय घालून दिलेलं असेल याचा भरवसा नाही. दादांनी त्यावर गुगल खातं उघडलं होतं. आम्ही दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदलला, खात्यातल्या डिव्हाइसच्या यादीतून हा फोन काढला आणि नेटबँकिंगचा पासवर्डही बदलला.

दोघांनी सुचवलं, आहे तसा दुसऱ्याला विकून टाक. म्हणजे अजून कोणाचे तरी दादा. मी तो विकणार नाही. शिवाय आयएमईआयमध्ये फेरफार करणं २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा फोन पुढे सरकवून त्यात स्वतःला कोण अडकवून घेईल? चौकीत अर्ज दिला, सोबत जाहिरातीचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट. रोख दिल्यामुळे पैशाचा माग नाही. यूपीआयनं दिले असते तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करता आला असता, समोरचं खातं तरी सापडलं असतं.

जाहिरातीतल्या फोटोत फोन हिरव्या चौकड्यांच्या चादरीवर ठेवलेला होता. परवा तीच चादर पुन्हा दिसली. नाव वेगळं, नंबर वेगळा, भेटायची जागा स्वारगेट. मी ती जाहिरात रिपोर्ट केली आणि तिचा स्क्रीनशॉट चौकीतल्या अर्जाला जोडून आले.