हॉस्पिस की इच्छामरण? खाटेवर माणूस असलेल्या घरासाठी तुलना

कॅन्सरचा शेवटचा टप्पा सुरू झाला की घरातलं कुणीतरी दबक्या आवाजात विचारतंच, "कोर्टानं इच्छामरणाला परवानगी दिली म्हणे, आपल्याले करता येईल का?" दुसरं कुणी म्हणतं, नागपूरला हॉस्पिस आहे, तिथं नेऊ. हॉस्पिस म्हणजे बरं न होणाऱ्या माणसाचं दुखणं कमी करून शेवटपर्यंत सेवा करणारी जागा. दोन्ही पर्याय शेजारी ठेवून बघू. सोबत तिसराही ठेवावा लागेल, कारण विदर्भाच्या खेड्यात बहुतेकांच्या वाट्याला तोच येतो: "आता घरी न्या आणि सेवा करा."

आधी कायदा

डॉक्टरनं इंजेक्शन देऊन मरण आणणं भारतात गुन्हा आहे. रुग्णानं स्वतः घ्यावं म्हणून कुणी औषध हातात दिलं, तर तोही गुन्हाच. आत्महत्येला साह्य केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ खाली १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. वर्षानुवर्षं अचेत पडून असलेल्या मुंबईच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ साली आणि पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं ते वेगळं आहे. बरं होण्याची आशा उरली नसेल तर व्हेंटिलेटर, नळ्या असे उपचार थांबवता येतात किंवा सुरूच न करता येतात. मरण तेव्हा आजारानं येतं.

ही वाटही सोपी नाही. जानेवारी २०२३ मध्ये नियम सैल झाले, तरी निर्णय घेणाऱ्या प्राथमिक मंडळाचे ३ डॉक्टर आणि तो तपासणाऱ्या दुय्यम मंडळाचे ३ डॉक्टर लागतातच. मेडिकल कॉलेजात ते जमेल. ज्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञाचीच जागा रिकामी, तिथं हे सहाजण कुठून आणणार? आणि तुमचा माणूस व्हेंटिलेटरवर नसून घरी खाटेवर असेल, तर थांबवायला काही उरलेलंच नसतं. त्याला हवा असतो कळेवर इलाज, आणि त्याबद्दल या निकालातून काही हाती लागत नाही.

जिथं कायदा आहे तिथं काय होतं

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात १९९७ पासून मरणासन्न रुग्णाला डॉक्टर मरण आणणारं औषध लिहून देऊ शकतो. दोन डॉक्टरांनी सहा महिन्यांहून कमी आयुष्य उरल्याचं सांगावं लागतं आणि औषध रुग्णानं स्वतःच घ्यायचं असतं. तिथं हा मार्ग घेणाऱ्या दहापैकी साधारण नऊजण आधीपासून हॉस्पिसच्या देखरेखीत असतात. म्हणजे एक घेतलं की दुसरं सुटलं, असं तिथं होत नाही. औषधाची चिठ्ठी मिळालेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोक ते औषध कधी घेतच नाहीत. ते हाताशी आहे एवढ्यावरच त्यांना धीर येत असावा.

बेल्जियमनं २००२ साली इच्छामरणाचा आणि वेदनाशामक सेवेचा (आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारी सेवा) असे दोन्ही कायदे एकाच वर्षी केले. याउलट कॅनडात २०१६ साली कायदा आल्यावर भांडण लागलं. ब्रिटिश कोलंबियातल्या डेल्टा इथल्या हॉस्पिस चालवणाऱ्या संस्थेनं आपल्या छताखाली हे होऊ द्यायला नकार दिला आणि तिचा सरकारी निधी गेला. हॉस्पिस चळवळीतल्या पुष्कळांची भूमिका पहिल्यापासून जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येसारखीच आहे: मरण लवकर आणायचं नाही आणि लांबवायचंही नाही.

दुखण्याचं काय

इथं जरा थांबतो, कारण आपल्याकडचा निर्णय बहुधा इथंच होतो.

खर्ऱ्यानं, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या घोटलेल्या मिश्रणानं, झालेला तोंडाचा कॅन्सर आपल्या भागाला नवा नाही. यवतमाळकडच्या एका घरात गालाला भोक पडून जखम वाहत होती. वासामुळे माणसाची खाट ओसरीच्या टोकाला, जेवण वेगळं, नातवंडं लांब. तो खुणेनंच सांगायचा, मले मोकळं करा. घरी येणाऱ्या नर्सनं दोन साध्या गोष्टी केल्या. मेट्रोनिडॅझोल या जंतू मारणाऱ्या औषधाची गोळी कुटून तिची पूड ड्रेसिंगच्या वेळी जखमेवर टाकायला शिकवली, आणि डॉक्टरांकडून मॉर्फिन हे तीव्र कळेवरचं औषध सुरू करून घेतलं. ते दर चार तासांनी घड्याळ पाहून द्यायचं, कळ येण्याची वाट बघायची नाही. सोबत पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिननं बद्धकोष्ठ होतं. वास ओसरला तशी खाट आत आली. मोकळं करा ही खूण थांबली आणि नळीतून चहा मागणं सुरू झालं.

सगळीकडे असंच होतं असं नाही. ओरेगनमध्ये लोक जी कारणं सांगतात त्यात वेदना वरच्या क्रमांकावर नाही. आपलं आपल्या हाती राहिलं नाही, आवडीचं काही करता येत नाही, मान गेला, ही कारणं पुढे असतात. त्यावर मॉर्फिन चालत नाही. आपल्याकडे म्हातारी माणसं हेच वेगळ्या तऱ्हेनं बोलतात: "माह्यापायी वावर इकू नका." हे मरण मागणं आहे की कर्जाची भीती, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

मॉर्फिननं माणूस लवकर जातो ही समजूत घट्ट आहे. डोस नीट मोजून दिला तर तसं होत नाही. धाप लागलेल्या माणसालाही त्यानं आराम पडतो. खरी अडचण ते मिळण्याची आहे. २०१४ साली अमली पदार्थ कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांची कटकट कमी झाली, तरी ते मान्यताप्राप्त संस्थेतच मिळतं. गावच्या मेडिकलवर विचारलंत तर दुकानदार तुमच्याकडेच संशयानं बघेल.

अंतर आणि पैसा

नागपुरात कॅन्सररुग्णांसाठी स्नेहांचल हे हॉस्पिस आहे. पण भामरागडहून नागपूर ३०० किलोमीटरहून जास्त, आणि मरणाच्या दारातला माणूस जीपमध्ये इतका हलवणं हीच एक शिक्षा. लकवा, किडनी, विस्मरण अशा रुग्णांसाठी तर अशी जागा शोधूनही सापडत नाही. आरोग्य मंदिरांच्या (गावपातळीवरच्या सरकारी आरोग्य केंद्रांच्या) १२ सेवांच्या यादीत वृद्धांची आणि वेदनाशामक सेवा कागदावर आहे, म्हणून आशाताईकडे आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे 'वेदनाशामक सेवा' हाच शब्द वापरून मागा. परदेशी जाऊन मरण घेणं हा लाखांचा मामला आहे. तो इथं मोजायलाही नको.

माझं मत

इच्छामरणाचा कायदा आपल्याकडे यावा की नाही यावर माणसं प्रामाणिकपणे दोन्ही बाजूंनी बोलू शकतात. पण मॉर्फिन न मिळालेल्या माणसाची मरणाची मागणी ही त्याची पक्की इच्छा आहे असं मी धरणार नाही. आधी कळ थांबवा, झोप लागू द्या, मग विचारा. त्यानंतरही तो तेच म्हणाला तर ते ऐकून घ्या, आणि उपचार नको म्हणण्याचा हक्क त्याला आहे हे विसरू नका. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न, पाणी आणि औषध नाकारलं आणि १५ तारखेला, ऐन दिवाळीत, देह ठेवला. त्यांना कुणी काही दिलं नाही; त्यांनी घेणं थांबवलं. पण भोवती आश्रम होता, सेवेला माणसं होती. ओसरीतल्या खाटेला तेवढं तरी मिळायला हवं.

"घरी न्या" म्हणून सांगतील तेव्हा सही करण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या: कळेचं औषध कोणतं आणि ते कुठं मिळेल, धाप लागली तर काय द्यायचं, रात्री फोन कुणाला करायचा. फवारणीचं औषध घरातून हलवून कुलपात ठेवा. माणूस जीव देण्याचं बोलत असेल, किंवा सेवा करणाराच खचला असेल, तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

नळ्या-व्हेंटिलेटर नको हे आधीच ठरवायचं असेल तर १८ वर्षांवरील, शुद्धीतल्या कुणालाही तसं लिहून ठेवता येतं. दोन साक्षीदार लागतात, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. तहसीलदार चालतो, तलाठी नाही. आपल्या वतीनं कोण बोलेल त्याचं नाव त्यात घाला. एक प्रत त्या माणसाकडे आणि एक नेहमीच्या डॉक्टरकडे द्या. पेटीच्या तळाशी ठेवलीत तर ॲम्ब्युलन्समध्ये ती सापडणार नाही.