दूध संकलनाच्या डेटाबेसवर पॅट्रोनी: वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही आमचा डेटाबेस, पोस्टग्रेस, पॅट्रोनीखाली आणला. मुख्य मशीन (प्रायमरी) पडलं तर त्याची प्रत ठेवणाऱ्या मशीनला (रेप्लिका किंवा स्टँडबाय) आपोआप प्रायमरी करणारं हे सॉफ्टवेअर; या बदलाला फेलओव्हर म्हणतात. त्यानंतर हिवाळ्यातला पुष्टकाळ (जास्त दुधाचा हंगाम) गेला, दर दहा दिवसांची दूधबिलं गेली, मुद्दाम मशीन पाडून केलेल्या चाचण्या झाल्या आणि एक खराखुरा फेलओव्हरही झाला. आता मत द्यायला हरकत नाही.

आमचं सॉफ्टवेअर दूध संस्थांसाठी आहे. काट्यावर दूध मोजलं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मशीनवरून आले की दर लागतो आणि पावती निघते. लोड सकाळी आणि संध्याकाळी संकलनाच्या वेळी, मधे जवळजवळ शांतता. त्यामुळे देखभालीला दुपार मोकळी मिळते. पण सकाळी साडेसहाला डेटाबेस बसला, तर किटल्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्या लोकांना "जरा थांबा" म्हणायला सचिवाला तोंड उरत नाही.

आधी पर्याय पाहिले. ॲमेझॉनच्या आरडीएस या तयार डेटाबेस सेवेचा मल्टी-एझेड प्रकार (स्टँडबाय वेगळ्या झोनमध्ये, म्हणजे वेगळ्या डेटा सेंटरमध्ये, ठेवणारा) सोपा आहे, त्यात वाद नाही. त्यांच्याच कागदपत्रांनुसार फेलओव्हरला साधारण 60 ते 120 सेकंद लागतात, तेवढं आम्हाला चाललंही असतं. अडचण वेगळीच. त्या नेहमीच्या रचनेतला स्टँडबाय वाचायला मिळत नाही, म्हणजे पैसे दोन मशीनचे आणि काम एकाचंच. आम्हाला बिलाचे जड रिपोर्ट रेप्लिकावर चालवायचे होते. 2022 पासून वाचता येणाऱ्या दोन स्टँडबायचा प्रकारही मिळतो, पण तो आमच्या बजेटात बसेना. रेपएमजीआर (पोस्टग्रेसच्या फेलओव्हरचं दुसरं साधन) जुना आणि विश्वासू, पण त्यात जुन्या प्रायमरीला बाजूला ठेवण्याचं काम आपल्याच स्क्रिप्टवर येतं. रात्री दोनला मला माझ्या स्क्रिप्टवर भरवसा ठेवायचा नव्हता.

पॅट्रोनीचं तत्त्व साधं आहे. इटीसीडी या, अनेक मशीनवर मिळून चालणाऱ्या छोट्या नोंदसाठ्यात एक कुलूप असतं. ते ज्याच्याकडे तो प्रायमरी, आणि ठरावीक वेळात नूतनीकरण झालं नाही तर ते सुटतं. ही मुदत मुळात 30 सेकंदांची असते. ती कमी करायचा मोह प्रत्येकाला होतो, आम्ही टाळला. क्लाउडमध्ये नेटवर्क अधूनमधून सेकंद-दोन सेकंद अडखळतं, आणि तेवढ्यावरून प्रायमरी बदलत राहिला तर रोगापेक्षा औषध जड.

आमची मांडणी अशी: तीन झोनमध्ये तीन पोस्टग्रेस, इटीसीडी तीन वेगळ्या छोट्या मशीनवर, पुढे ट्रॅफिक योग्य मशीनकडे वळवणारं एचएप्रॉक्सी. इटीसीडी वेगळं ठेवा हे आवर्जून सांगतो. प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की झाल्याशिवाय ते पुढे जात नाही. शेजारी बिलाचा रिपोर्ट डिस्क खात असेल तर इटीसीडीचा जीव गुदमरतो आणि लॉगमध्ये "टुक टू लाँग" (फार वेळ लागला) अशा ओळी येऊ लागतात. कुलूपाचं नूतनीकरण चुकलं तर पॅट्रोनी धडधाकट प्रायमरीलाही खाली उतरवतं. 3.0 आवृत्तीपासून फेलसेफ मोड आहे: इटीसीडी गायब झालं तरी बाकी सगळे सदस्य प्रायमरीला उत्तर देत असतील, तर तो गादीवर राहतो. मुळात हे बंद असतं, आम्ही चालू केलं.

क्लाउडची खरी गोम मात्र पुढे आहे. स्वतःच्या सर्व्हर रूममध्ये व्हर्च्युअल आयपी (कुठल्याही मशीनला लावता येणारा नेटवर्क पत्ता) एका मशीनवरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि ॲप्लिकेशनला पत्ताही लागत नाही. ॲमेझॉनवर सबनेट एकाच झोनचं असतं, त्यामुळे त्यातला खासगी आयपी दुसऱ्या झोनमध्ये नेताच येत नाही. म्हणून एचएप्रॉक्सी दर काही सेकंदांनी प्रत्येक मशीनच्या 8008 पोर्टवर "तू प्रायमरी का?" असं विचारतं. 200 (होय) आलं त्याच्याकडे ट्रॅफिक, 503 (नाही) आलं तो बाजूला.

खरा फेलओव्हर रात्री झाला. क्लाउडचं यंत्रच गोठलं आणि आमचं प्रायमरी मशीन मुकं झालं. कुलूपाची मुदत संपली, सिंक स्टँडबाय (प्रायमरीच्या प्रत्येक नोंदीची प्रत लगेच घेणारा) वर चढला, सगळं मिळून साधारण चाळीस सेकंदांत. मला जाग आली तेव्हा पॅट्रोनीसीटीएल या पॅट्रोनीच्या कमांडने दिलेल्या यादीत टाइमलाइनचा (प्रायमरी बदलला की वाढणारा) आकडा एकाने वाढलेला होता आणि लीडरचं, म्हणजे प्रायमरीचं, नाव दुसरंच होतं. गोठलेलं मशीन कनेक्शन तोडल्याचंही कळवत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. पाठवलेल्या पाकिटाला उत्तर येत नसेल तर लिनक्स मुळात पंधरा मिनिटांच्या आसपास प्रयत्न करत राहतं. एचएप्रॉक्सीला सर्व्हर पडला की त्याची जुनी सेशन तोडायला सांगणारी एक ओळ आहे, तिच्यामुळे आमचे कनेक्शन पूल (ॲप्लिकेशनने आधीच उघडून ठेवलेली डेटाबेसची कनेक्शन) लगेच सुटले. ती ओळ नसती, तर नवा प्रायमरी तयार असूनही ॲप्लिकेशन मेलेल्या मशीनचा हात धरून बसलं असतं. जुनं मशीन नंतर पीजी-रिवाइंडने (नव्या प्रायमरीपासून वेगळ्या पडलेल्या नोंदी मागे घेणारं साधन) आपोआप रेप्लिका म्हणून परत आलं.

किती डेटा गेला तर चालेल, हा प्रश्न मात्र कुठलंच सॉफ्टवेअर तुमच्या वतीने सोडवत नाही. 21 ऑक्टोबर 2018 ला गिटहबचं नेटवर्क 43 सेकंद तुटलं, तेवढ्यात ऑर्केस्ट्रेटर या त्यांच्या फेलओव्हरच्या साधनाने अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावरचे मायएसक्यूएल डेटाबेसचे सर्व्हर प्रायमरी केले. दोन्हीकडे एकमेकांकडे नसलेल्या नोंदी राहिल्या, आणि निस्तरायला 24 तासांहून जास्त लागले. आमच्याकडे शेतकऱ्याच्या हातात छापील पावती असते. पावती आहे आणि नोंद नाही, म्हणजे संस्थेत भांडण ठरलेलं. म्हणून सिंक्रोनस मोड (नोंद स्टँडबायवरही पोहोचल्यावरच पक्की धरणारा) चालू ठेवला. प्रत्येक राइटला झोन ओलांडण्याचे थोडे मिलिसेकंद जास्त लागतात, काट्यावर ते कुणाला जाणवतही नाहीत. त्याचा कडक प्रकार घेतला नाही. त्यात एकही स्टँडबाय उरला नाही तर राइटच थांबतात, आणि संकलन थांबवण्यापेक्षा ती जोखीम आम्ही पत्करली.

कुरबुरी आहेतच. लांबलचक रिपोर्ट रेप्लिकावर मधेच रद्द होतात, कारण प्रायमरीकडून आलेले बदल लावण्याआधी रेप्लिका चालू रिपोर्टसाठी मुळात फक्त 30 सेकंद थांबते. आम्ही रिपोर्टसाठी वेगळा रेप्लिका ठेवून ती मुदत वाढवली आणि त्याला प्रायमरी होण्यापासून वगळलं. झोनच्या पलीकडे जाणाऱ्या डेटाचं वेगळं बिल येतं, ते हिशेबात धरा. आणि देखभालीसाठी पॅट्रोनी पॉज केलं, तर ते परत चालू होईपर्यंत आपोआप फेलओव्हर होत नाही. म्हणून पॉज तासाभरापेक्षा जास्त राहिला की आमच्या ग्रुपवर अलर्ट येतो.

टीममध्ये इटीसीडीचे लॉग वाचू शकणारी निदान दोन माणसं असतील तर पॅट्रोनी बिनधास्त घ्या. एकच असेल आणि तो दिवाळीला गावी जाणार असेल, तर आरडीएसचे जास्तीचे पैसे भरा. आम्ही दोघं आहोत, सुट्ट्या आलटून पालटून घेतो.