जिनिंगवाल्यांसाठी छाप्याची तयारी: फाइल कामाची, पण दोन जागी दुरुस्ती हवी

हिंगणघाट-वणी पट्ट्यातल्या जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या) कारखान्यांना एक वकिली कार्यालय स्पर्धा कायद्याच्या, म्हणजे व्यापाऱ्यांचं संगनमत रोखणाऱ्या कायद्याच्या, चौकशीची तयारी करून देतं: एक फाइल, आणि दिवाणजी व ग्रेडर (कापसाची प्रत ठरवणारा) यांच्यासाठी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण. कापसाचा भाव संगनमताने पाडला असेल तर कारवाई व्हायलाच हवी. पण चौकशीत कारखान्यालाही हक्क आहेत, आणि ते बहुतेकांना ठाऊकच नसतात.

झडतीचं पान चांगलं आहे. आधी झडतीचा आदेश वाचा. त्यासाठी दिल्लीच्या मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यावर नाव आपल्याच फर्मचं आहे का ते बघा, कारण एका आवारात दोन भावांच्या दोन फर्म असतात. नेलेल्या प्रत्येक सौदापट्टीची (सौद्याची चिठ्ठी), काटापट्टीची (वजनाची चिठ्ठी) नोंद पंचनाम्यात हवी. संगणक-मोबाइलची प्रत घेतली तर हॅश क्रमांक (प्रतीत नंतर बदल झाला तर उघड करणारा अंक) लिहून घ्या.

त्याच पानावर ‘वकील येईपर्यंत फाटक उघडू नका’ अशी ओळ आहे. ती सरळ चूक आहे. असा हक्क कायद्यात नाही. उलट चौकशीतले आदेश न पाळल्यास दिवसाला 1 लाख, जास्तीत जास्त 1 कोटी रुपये दंड होऊ शकतो.

जबाबाची तयारी मात्र मोलाची. दिल्ली उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार जबाबाला वकील सोबत नेता येतो, पण तो साक्षीदाराच्या समोर नाही, थोड्या अंतरावर बसतो, सल्ला देऊ शकत नाही. म्हणून तयारी आधीच. दिवाणजी म्हणतो, “आम्ही भाव ठरवला.” त्याच्या मनात शेतकऱ्याशी झालेला सौदा असतो, इंग्रजी जबाबात तेच जिनिंगवाल्यांचं संगनमत होऊन बसतं. कोणी, कोणाशी, कोणत्या गाडीचा भाव, हे पूर्ण वाक्यात सांगायचा सराव इथे करून घेतात. जबाब मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही नाही, हेही बजावतात.

दंडाचं पान जुनं आहे. त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या एक्सेल क्रॉप केअर निकालाप्रमाणे फक्त संबंधित मालाची उलाढाल धरलीय. 2023 च्या दुरुस्तीनंतर 10 टक्क्यांची मर्यादा (संगनमतात ती याहून वरही जाऊ शकते) कंपनीच्या सगळ्या उलाढालीवर मोजतात. त्याच कंपनीत सरकी तेल आणि पेट्रोल पंप असेल तर तोही त्यात येतो. अपिलाची मुदत 60 दिवस बरोबर दिलीय, पण दंडाच्या 25 टक्के रक्कम आधी भरावी लागते हे राहिलंय.

ही दोन पानं बदलून घ्या आणि प्रशिक्षण सप्टेंबरातच उरका. कापसाची आवक सुरू झाली की ग्रेडर जागेवरून हलत नाही.